रविवारची राइड, सोमवारचं काय?

सायकल सध्या सॉलिड 'इन' आहे, बॉस! सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाइक्सच्या रांगेत हळूच गिअरवाल्या सायकली उभ्या राहायला लागल्यात. ऑफिसच्या कँटीनमध्ये अप्रेझल आणि ईएमआयच्या जोडीला 'काल किती किलोमीटर मारलेस?' हा नवा विषय आलाय. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं 'फिट इंडिया'खाली दर रविवारच्या सायकल राइड्स सुरू केल्या. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली आणि सायकलचं वेड आणखी वाढलं. शिवाय शहराशहरात रविवारच्या मोठ्या राइड्स आहेतच. छातीवर नंबर, अंगात एका साइझनं मोठा टी-शर्ट, स्टेजवर झुंबा, शेवटी केळं आणि गळ्यात मेडल. फुल टू धमाल!

ग्रुपबरोबर अशी राइड तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी केली असेल. पण माझं ऐकाल तर एकदा अख्खी फॅमिली घेऊन जा. ग्रुप राइडमध्ये कोण पुढे, कोण मागे, एवढंच असतं. फॅमिली राइडमध्ये मात्र घरच्यांबद्दल काय काय नवीन कळतं. आणि घरी परतल्यावर एक असा प्रश्न समोर येतो, जो ग्रुपमध्ये कधी कोणी विचारतच नाही.

टीम सेनगाव

आम्ही मूळचे सेनगावचे. जिल्हा हिंगोली. (पुण्यात हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: 'म्हणजे नांदेडजवळ का?' हो, साधारण तिकडेच!) सोयाबीन, हळद आणि शेजारी संत नामदेवांचं नर्सी, ही आमच्या भागाची ओळख. दादा-वहिनी पुण्यात नोकरीला, मी पण इथेच. अण्णा आणि आई दिवाळीनंतर दोन-तीन महिने इकडे येतात. तेव्हा आमच्या अकरा वर्षांच्या पुतणीनं जाहीर केलं, की या रविवारच्या राइडला सगळे जाणार. सगळे म्हणजे सगळे!

आता टीमची अवस्था बघा. अण्णा जिल्हा परिषदेचे रिटायर्ड गुरुजी. नोकरीची पहिली पंधरा वर्षं रोज नऊ किलोमीटर जाणं आणि नऊ किलोमीटर येणं, काळ्या बावीस इंची सायकलवर. पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये अशी जाम बसायची, की चाक फिरायचंच थांबायचं. मग सायकल खांद्यावर. "अर्धा रस्ता मी तिच्यावर, अर्धा रस्ता ती माझ्यावर," हा त्यांचा पेटंट डायलॉग. दादा जिममध्ये एका जागी उभी असलेली सायकल चालवतो. वहिनीनं कॉलेज सुटल्यापासून पॅडलला पाय लावलेला नाही. पुतणीकडे मस्त गुलाबी सायकल, पण तिचा रूट एकच. सिक्युरिटीच्या केबिनपासून क्लबहाउसपर्यंत आणि परत.

राहिली आई. आईला सायकल येतच नाही.

का येत नाही, हे मला या राइडपर्यंत माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं ना! तिच्या माहेरी सायकल होती. मामा लोक दांडीखालून पाय घालून, हाफ पायडल मारत शिकले. हिनं एकदा हँडल धरलं तर आजीनं हाक मारली आणि भाकरी थापायला बसवलं. विषय संपला. पुढे चाळीस वर्षं ती कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसली, मांडीवर पिशवी आणि एका हातात अण्णांच्या सीटची मागची स्प्रिंग.

म्हणून आम्ही टँडम भाड्यानं आणली. म्हणजे दोन सीट, दोन पॅडल, एकच हँडल. पुढे मी, मागे आई. "मला नुसतं बसायचंय का पाय बी मारायचेत?" तिनं विचारलं. म्हटलं, पाय पण मारायचेत. मग साडीऐवजी सलवार-कमीज आली, त्यावर राइडचा पिवळा टी-शर्ट आला आणि हेल्मेट घालताना अंबाडा आडवा आला. ती सगळी धमाल तुम्ही इमॅजिन करा.

आमची राइड दहा किलोमीटरची. सकाळी सहाला थंडी, अंधार आणि मोजता येणार नाही एवढी चाकं. पहिला किलोमीटर आम्ही सापासारखे वळवळत गेलो. आई मागून "हळू, हळू" म्हणत होती आणि पाय मात्र जोरात मारत होती. मग फ्लायओव्हर आला. एरवी ज्या फ्लायओव्हरवर आपण फर्स्ट गिअरमध्ये क्लच दाबून बसतो, तोच! पूर्ण रिकामा. चढ संपला, उतार लागला आणि मागचा आवाज एकदम बंद. मला वाटलं, घाबरली. वळून बघता येत नव्हतं. खाली आल्यावर ती म्हणाली, "असा मोकळा रस्ता असता तर म्या बी शिकले असते."

पुतणीचं निरीक्षण वेगळंच. "आत्या, हॉर्न कुठे गेले सगळे?"

पुलावरून एक दिवस

या दोन वाक्यांतच मोठ्या राइडची सगळी जादू आहे. मेडल वगैरे ठीक आहे. लोक येतात ते एरवी न मिळणाऱ्या रस्त्यासाठी.

न्यूयॉर्कची 'फाइव्ह बरो बाइक टूर' घ्या. १९७७ मध्ये जेमतेम अडीचशे जणांनी सुरू केलेली ही राइड आता साधारण बत्तीस हजार लोकांची झालीये. मे महिन्यातला पहिला रविवार, चाळीस मैल, म्हणजे चौसष्ट किलोमीटर, आणि शहराचे पाचही विभाग. शर्यत नाही, कोणी पहिला नाही, कोणी शेवटचा नाही. शेवटच्या टप्प्यात ब्रुकलिनहून स्टेटन आयलंडला नेणारा व्हेराझानो पूल लागतो. या प्रचंड पुलावर सायकलसाठी रस्ताच नाही. वर्षातल्या त्या एका सकाळी तिथून हजारो सायकली जातात. आपल्याकडे वांद्रे-वरळी सी-लिंकवर सायकलला एरवी बंदी आहे, तसाच प्रकार. न्यूयॉर्कमधल्या सायकलवाल्यांना विचारा, त्यांना पाय दुखल्याचं आठवत नाही, पूल आठवतो.

कोलंबियाचं बोगोटा तर एक पाऊल पुढे आहे. तिथे १९७४ पासून 'सिक्लोव्हिया' चालते. दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी, सकाळी सात ते दुपारी दोन, शहरातले एकशे वीस किलोमीटरहून जास्त रस्ते गाड्यांना बंद. रजिस्ट्रेशन नाही, फी नाही, टी-शर्ट नाही. आजी चालतेय, पोरगं स्केटिंग करतंय, बाप सायकल शिकवतोय. मुंबईनंही असा प्रयोग केला होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये वांद्रे ते सांताक्रूझ पट्ट्यात 'इक्वल स्ट्रीट्स' नावानं रविवारी सकाळी रस्ते माणसांना मिळायला लागले. लोक तुटून पडले, पण पुढे तो उपक्रम थांबला. बोगोटात मात्र दोन पिढ्या असा रविवार बघतच मोठ्या झाल्यात.

आणि फॅमिली राइड ही काही फक्त फॉरेनची फॅशन नाही हं. नाशिकच्या सायकलवाल्यांची पंढरपूर वारी बघा. २०१२ पासून आषाढीच्या आधी हे लोक तीनशेहून जास्त किलोमीटर सायकल मारत विठोबाला भेटायला जातात. नवरा-बायको, कॉलेजची पोरं, आजोबा, सगळे. शेवटी पंढरपुरात सायकलींचं रिंगण पण होतं! याच नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. ती पूर्ण करणारी ती पहिली भारतीय टीम. आमच्या नर्सीच्या नामदेवरायांच्या नावानं तर २०२२ मध्ये पंढरपूरहून थेट पंजाबातल्या घुमानपर्यंत सायकल यात्रा निघाली, दोन हजार किलोमीटरहून जास्त. हे वाचून दाखवल्यावर अण्णा म्हणाले, "मग आपले दहा किलोमीटर कशात मोजायचे?" म्हटलं, आईच्या पहिल्या दहात मोजा!

आणि मग सोमवार उजाडला

आता तो प्रश्न. सोमवारी सकाळी साडेसहाला पुतणी हेल्मेट घालून हॉलमध्ये उभी. "मी आजपासून शाळेत सायकलनं जाणार."

शाळा अडीच किलोमीटरवर. आदल्या दिवशी तिनं दहा किलोमीटर केले होते. गणित सिंपल. पण दादा एका शब्दात म्हणाला, "नाही." ती म्हणाली, "काल तर तूच म्हणालास, मी छान चालवते!" दादा म्हणाला, "काल रस्ता बंद होता."

खरं सांगू? दोघंही बरोबर होते. दादाला खलनायक करायचं काही कारण नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्याच्या बिल्डिंगच्या गेटबाहेर सहा लेन आहेत, सिग्नल आहे, पाण्याचे टँकर आहेत आणि राँग साइडनं येणारे डिलिव्हरीवाले आहेत. अकरा वर्षांची पोरगी तिथे सोडायची म्हणजे बापाचा जीव वर-खाली होणारच. 'पूर्वी आम्ही जायचोच की' हा डायलॉग इथे चालत नाही. पूर्वी रस्त्यावर एवढ्या गाड्याच नव्हत्या.

आणि हे तेच पुणे, ज्याला आपण वर्षानुवर्षं सायकलींचं शहर म्हणत आलो! २०१७ मध्ये महापालिकेनं सायकल आराखडा मंजूर केला. आठशे किलोमीटरहून जास्त सायकल मार्गांचं जाळं कागदावर होतं. त्याच डिसेंबरमध्ये औंध आणि विद्यापीठाच्या आवारात भाड्याच्या सायकली आल्या. कॉलेजच्या पोरांनी त्या भरपूर फिरवल्या. काही वर्षांत त्या रस्त्यांवरून गेल्या. ज्या ट्रॅकवर पुतणीनं शाळेत जायचं, त्यावर आज कुठे पार्किंग, कुठे पाणीपुरीची गाडी, कुठे मधेच झाड.

घरात दोन दिवस शीतयुद्ध. मग बुधवारी जेवताना अण्णा बोलले. आमच्याकडे अण्णा बोलायला लागले की समजायचं, आता तास सुरू झाला.

हे तर आमच्या गावात रोजचं आहे!

"सेनगावात पोरी शाळेत कशा जातात, बघितलंस का कधी?" अण्णांनी दादाला विचारलं.

बघितलं होतंच. तुम्ही कधी मराठवाड्यात गेलात तर तुम्हालाही दिसेल. सकाळी शाळेच्या आधी तालुक्याच्या गावाकडे येणाऱ्या रस्त्यांवर सायकलींचे थवे असतात. निळा-पांढरा ड्रेस, दोन वेण्या, कॅरिअरला दप्तर. आठ-आठ, दहा-दहा पोरी, आणि एकटी कोणीच नाही. यातल्या कितीतरी सायकली मानव विकास कार्यक्रमातून आलेल्या. राज्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना, ज्यांचं घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत आहे त्यांना, ही सायकल मिळते. लांबच्या मुलींसाठी निळ्या एसटी बसेस.

सायकलनं काय बदलतं, याचा हिशेब बिहारनं मांडून दाखवलाय. तिथे २००६ मध्ये नववीच्या मुलींसाठी सायकल योजना आली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला. त्यात दिसलं, की हायस्कूलच्या वयाच्या मुलींची पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगे-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली. आणि या पोरी एकेकट्या जात नव्हत्या, गटानं जात होत्या. त्यामुळे रस्ताही सुरक्षित वाटायला लागला आणि आई-बापही 'हो' म्हणायला लागले.

अण्णांचा मुद्दा नेमका हाच होता. "त्या दहा जणी रस्त्यावरून जाताना ट्रॅक्टरवाला पण गपचूप मागे थांबतो. एकटीला नाही थांबत. तुमच्या रविवारी पण हेच झालं ना?"

दादा गप्प. मी मात्र जर्नलिस्ट, लगेच शोधाशोध. अण्णांच्या या थिअरीला चक्क नाव आहे, 'संख्येतली सुरक्षितता'. २००३ मध्ये पीटर जेकबसन नावाच्या संशोधकानं बऱ्याच शहरांचे आणि देशांचे आकडे तपासले. त्याला दिसलं, की सायकलवाले आणि चालणारे दुप्पट झाले तर अपघात दुप्पट होत नाहीत. उलट प्रत्येकाचा धोका साधारण एक तृतीयांशानं कमी होतो. रस्त्यावर रोज सायकली दिसायला लागल्या की ड्रायव्हरची नजर आणि पाय दोन्ही सुधारतात. याच सूत्रावर स्पेनच्या बार्सिलोना शहरात २०२१ पासून 'बिसिबुस', म्हणजे सायकल बस, गाजतेय. ठरलेली वेळ, ठरलेला रूट, पुढे-मागे एकेक मोठं माणूस आणि मधे पोरं. वाटेतल्या 'स्टॉप'वर एकेक मूल जोडलं जातं. जगभरातल्या मीडियानं या कल्पनेचं कौतुक केलं.

अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग यात नवीन काय आहे?"

खरंच की! सेनगावच्या पोरी हे वर्षानुवर्षं करतायत. फक्त त्यांचे फोटो कोणी काढले नाहीत.

आम्ही काय केलं

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वहिनीनं मेसेज टाकला. पहिले चोवीस तास फक्त थम्ब्स अप. मग एका आईचा फोन आला, मग दुसरीचा. चार घरं, पाच मुलं. आठवड्यातून दोनच दिवस, मंगळवार आणि गुरुवार. त्याआधी शनिवारी अण्णा आणि दादानं मेन रोड टाळून गल्ल्यांमधला रूट शोधून काढला. अर्धा किलोमीटर जास्त पडतो, पण टँकर लागत नाही. सहा लेनचा रस्ता एकाच ठिकाणी ओलांडावा लागतो. तिथे सगळे सायकलवरून उतरतात आणि सिग्नलला हातानं ढकलत पलीकडे जातात. पुढे अण्णा, मागे पाळीपाळीनं एकेक पालक.

पहिल्या मंगळवारी दादा पाठोपाठ कारनं गेला. पुढच्या वेळी तो मागच्या सायकलवर होता.

सगळं झक्कास झालं असं म्हणणार नाही. एका घरानं पहिल्याच आठवड्यात माघार घेतली, आणि त्यांना दोष देता येत नाही. अण्णा गावी परतल्यावर पुढची सायकल कोण चालवणार, यावर अजून चर्चा चालू आहे. तो सहा लेनचा रस्ता तर आहे तसाच आहे. तिथे झेब्रा क्रॉसिंग पुन्हा रंगवा आणि सिग्नलचे सेकंद वाढवा, असा अर्ज चारही घरांच्या सह्यांनी दिलाय. पण एक फरक पडलाय. राइडनंतर ज्या मुलीला आपण सायकल चालवू शकतो हे कळलं होतं, तिला आता सायकल घेऊन कुठेतरी *जाताही* येतं. सायकलीचा मूळ उपयोग तोच होता ना? आपण मधेच तिला फिटनेस आणि वीकेंड करून टाकलं.

आणि आई? ती रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये नातीच्या गुलाबी सायकलवर शिकतेय. सीट पार खाली केलीये आणि दोन्ही पाय जमिनीला टेकतात. पॅडलला अजून हात... आपलं, पाय लावलेला नाही. नात म्हणते, "आजी, समोर बघ, खाली नको!" आजी म्हणते, "तू सीट सोडू नको म्हंजे झालं."

फॅमिली राइडचा फंडा

तुम्हीही जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा:

• अंतर घरातल्या सगळ्यात कच्च्या गड्याच्या हिशेबानं निवडा, सगळ्यात पक्क्याच्या नाही.

• आदल्या दिवशी तीन गोष्टी बघा: हवा, ब्रेक, चेन. आणि सीटची उंची! पॅडल खाली असताना गुडघा किंचितच वाकला पाहिजे. निम्म्या लोकांचे गुडघे सीट खाली असल्यामुळे दुखतात.

• हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या दोन बोटं वर. मागे सरकवलेलं हेल्मेट फोटोपुरतंच.

• लहान मूल मोठ्यांच्या डाव्या हाताला ठेवा. अचानक थांबू नका, थांबायचं असेल तर आधी ओरडा आणि मग कडेला या.

• चुकामूक होणारच. भेटायची एक जागा सुरुवातीलाच ठरवा आणि मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा.

• आजी-आजोबांना 'तुम्ही फक्त टाळ्या वाजवा' म्हणू नका. टँडम भाड्यानं मिळते, शोधा. आणि बीपी-शुगर असेल तर डॉक्टरांना आधी विचारा.

• आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. मेडल भिंतीला लावायच्या आधी घरापासून सायकलनं जाता येईल असं एक ठिकाण शोधा. शाळा, क्लास, वाणी, लायब्ररी, काहीही. तीन किलोमीटरच्या आतलं. तिथला गल्लीतला रूट चालत जाऊन बघा आणि सोबत येणारी दोन घरं गाठा.

रविवारी रस्ता कोणीतरी तुमच्यासाठी मोकळा करून देतं. सोमवारी तो आपला आपणच थोडा थोडा मोकळा करायचा असतो. तर मग, कधी निघताय?